जोडलेल्या टेबलांवरचे ॲक्सेस फॉर्म नेटवर्कवर वेगाने कसे उघडावेत

ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅममधला डेटाबेस एकाच संगणकावर असतो तोवर कोणाची तक्रार नसते. डेटाची फाइल सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये गेली, टेबले लिंक झाली, की फॉर्म उघडायला दहा-पंधरा सेकंद लागू लागतात. मग कोणीतरी सांगते, ‘ॲक्सेस अख्खे टेबल नेटवर्कवरून ओढते, त्याला इलाज नाही.’ हे अर्धेच खरे आहे. अख्खे टेबल येते, पण तुमच्या फॉर्मने तेच मागितले असेल किंवा हवे तेवढेच शोधण्याची सोय टेबलात ठेवली नसेल तरच.

खालची माहिती ज्यांनी डेटाबेसची फ्रंटएंड (फॉर्म आणि कोडची फाइल) आणि बॅकएंड (टेबलांची फाइल) अशी विभागणी नुकतीच केली आहे, त्यांच्यासाठी आहे. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सर्व्हरशी जोडलेल्यांसाठी वेगळा भाग शेवटी दिला आहे. आज्ञा आणि प्रॉपर्टींची नावे इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची.

तारेवरून नेमके काय येते

बॅकएंड फाइल सर्व्हरवर असली तरी डेटाबेसचे इंजिन तिथे चालत नाही. सर्व्हर फक्त फाइलचे तुकडे देतो. क्वेरीचा, म्हणजे डेटाच्या मागणीचा, अर्थ लावणे, रेकॉर्ड शोधणे, क्रम लावणे ही सगळी कामे तुमच्या संगणकावरचे इंजिन करते. फाइल ४ केबीच्या पानांमध्ये विभागलेली असते आणि इंजिन सर्व्हरकडे पाने मागते, रेकॉर्ड नव्हे.

समजा, ग्राहक टेबलात ५०,००० रेकॉर्ड आहेत आणि एक रेकॉर्ड साधारण ४०० बाइटचा आहे. एका पानात दहा रेकॉर्ड बसतात, म्हणजे टेबल ५,००० पानांचे, सुमारे २० एमबी. फॉर्मने ‘ग्राहकक्रमांक ३१२०७’ एवढेच मागितले आणि त्या फील्डवर इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधयादी) असला, तर इंजिन इंडेक्सची दोन-तीन पाने उलगडते आणि डेटाचे एक पान आणते. फार तर १६ केबी. टेबलाची रचना वाचायला थोडी पाने वर लागतात, ती सोडून द्या. इंडेक्स नसेल, तर तोच एक ग्राहक सापडेपर्यंत पाच हजार पानांची रांग संगणकाकडे येते, कारण प्रत्येक रेकॉर्ड तपासायचा तर तो आधी इथे यायला हवा.

म्हणून दोन गोष्टी एकत्र लागतात: फॉर्मची मागणी नेमकी हवी आणि त्या मागणीला इंडेक्सचा आधार हवा. एक असून दुसरी नसेल तर उपयोग नाही.

बँडविड्थपेक्षा घातक असतो विलंब. ऑफिसमधल्या तारेच्या नेटवर्कवर एका फेरीला एक मिलिसेकंदही लागत नाही. व्हीपीएनवरून (बाहेरून इंटरनेटने ऑफिसच्या नेटवर्कशी केलेल्या जोडणीवरून) ४० मिलिसेकंद सहज लागतात. दर पानामागे एक फेरी धरली, तर पाच हजार पानांना २०० सेकंद. विंडोज थोडे पुढचे वाचून ठेवते, त्यामुळे प्रत्यक्षात इतका वेळ लागणार नाही. पण व्हीपीएनवर फाइल-आधारित बॅकएंड का रडतो, ते यावरून कळते. तिथे फॉर्म कितीही सुधारा, बरा उपाय म्हणजे रिमोट डेस्कटॉपने ऑफिसमधल्याच संगणकावर काम करणे किंवा डेटा खऱ्या डेटाबेस सर्व्हरवर नेणे. वायफायवर तर वेगाचा प्रश्न दुय्यम आहे: लिहिता लिहिता जोडणी क्षणभर तुटली तरी बॅकएंड फाइल खराब होऊ शकते.

फॉर्मला हात लावण्याआधी

निम्म्या वेळा फॉर्म निर्दोष असतो आणि फाइलची मांडणीच चुकलेली असते. आधी हे उरका.

१. फ्रंटएंडची वेगळी प्रत प्रत्येकाच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा. सर्व्हरवरची एकच प्रत सगळ्यांनी उघडली, तर फॉर्मची रचना आणि कोडसुद्धा तारेवरून येतात आणि फाइल बिघडण्याचा धोका वाढतो.

२. बॅकएंडच्या फोल्डरवर प्रत्येक वापरकर्त्याला फाइल तयार करणे, बदलणे आणि पुसणे हे तिन्ही अधिकार द्या. बॅकएंड उघडताच त्याच फोल्डरमध्ये लॉक फाइल तयार होते आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की ती पुसली जाते. हे अधिकार नसतील तर कोणाला फाइल फक्त वाचण्यापुरती उघडते, कोणाला ती उघडतच नाही.

३. बॅकएंड सिंक होणाऱ्या क्लाउड फोल्डरमध्ये ठेवू नका. ती सेवा अख्खी फाइल एका झटक्यात बदलते. अनेकांनी एकाच वेळी पाने लिहिण्याचा व्यवहार तिला कळत नाही.

४. एक जोडणी सतत उघडी ठेवा. या एका कामाने जेवढा फरक पडतो तेवढा बाकी कशानेच पडत नसेल. फॉर्म बंद झाला आणि बॅकएंडवरचे दुसरे काहीच उघडे नसले, की ॲक्सेस बॅकएंड बंद करते. पुढचा फॉर्म उघडताना फाइल पुन्हा उघडायची, अधिकार तपासायचे, लॉक फाइल बनवायची. दर फॉर्मला हाच खटाटोप. उपाय असा: बॅकएंडमध्ये एका रेकॉर्डचे छोटे टेबल बनवा, त्यावर एक फॉर्म बांधा आणि ऑटोएक्झेक मॅक्रोमधून (तो फाइल उघडताच आपोआप चालतो) तो लपलेल्या अवस्थेत उघडा. फ्रंटएंड बंद होईपर्यंत त्याला तसाच राहू द्या.

५. बॅकएंडमधल्या प्रत्येक टेबलाच्या प्रॉपर्टी शीटमध्ये ‘सबडेटाशीट नेम’ पाहा. ते बहुधा ‘ऑटो’ असते, ‘नन’ करा. ‘ऑटो’ असल्यास नातेसंबंधातल्या टेबलांचीही विचारपूस होत राहते. शिवाय फाइल, ऑप्शन्स, करंट डेटाबेस इथे जाऊन नेम ऑटोकरेक्टची खूण काढा.

६. सगळे बाहेर पडल्यावर, बॅकअप घेऊन, ठरावीक काळाने बॅकएंडवर ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ चालवा. त्याने रिकामी पाने जातात आणि इंजिनकडे असलेली टेबलांची आकडेवारी ताजी होते. इंडेक्स वापरायचा की नाही, हे इंजिन त्याच आकडेवारीवरून ठरवते.

इंडेक्स कशाला, कशाला नाही

ज्या फील्डवर तुम्ही शोधता, ज्यावर क्रम लावता आणि ज्यावर टेबले जोडता, त्या फील्डला इंडेक्स हवा. प्रायमरी कीला, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डची एकमेव ओळख असलेल्या फील्डला, तो आपोआप असतो. दोन टेबलांत ‘रेफरेन्शियल इंटिग्रिटी’ (मूळ टेबलात नसलेला क्रमांक जोडलेल्या टेबलात येऊ न देणारा नियम) लागू केली असेल, तर जोडणाऱ्या फील्डवर ॲक्सेस स्वतःच एक छुपा इंडेक्स तयार करते. त्यावर आपला आणखी एक ठेवला तर रेकॉर्ड साठवताना दोन्ही सांभाळावे लागतात. एका टेबलावर जास्तीत जास्त ३२ इंडेक्स चालतात आणि हे छुपेही त्यात मोजले जातात. हो-नाही प्रकारच्या फील्डवर इंडेक्स सहसा फुकट जातो: त्याने निम्मे टेबल उरते, आणि निम्मे टेबल आणायचे तर सगळ्याच पानांना हात लागतो.

इंडेक्स असूनही तो वापरला जात नाही, याचे कारण बहुतेकदा अट लिहिण्याच्या पद्धतीत असते. ‘इयर(बिलतारीख) = २०२४’ लिहिले, की वर्ष काढण्यासाठी इंजिनला प्रत्येक बिल आणावे लागते. तेच ‘बिलतारीख १ जानेवारी २०२४ पासून पुढे आणि १ जानेवारी २०२५ च्या आधी’ असे लिहिले, की इंडेक्सवरून थेट तो पट्टा उचलता येतो. अर्धवट शब्दावरून शोधणाऱ्या ‘लाइक’चेही तसेच. तारा (* ही खूण) शब्दाच्या शेवटी असेल तर इंडेक्स चालतो. सुरुवातीलाच तारा टाकला, तर पहिले अक्षरच माहीत नसल्याने सगळे टेबल चाळावे लागते.

तारखेचा आणखी एक सापळा आहे. कोडमधून अट जुळवताना संगणकाच्या दिवस-महिना क्रमाने तारीख चिकटवली, तर ॲक्सेस हॅशच्या खुणांमधली तारीख महिना आधी धरून वाचते. ५ एप्रिलचे ४ मे होते आणि एररही येत नाही. फॉरमॅट फंक्शनने आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा क्रमाने लिहा.

फॉर्म रिकामा उघडा, मग विचारा

विझार्डने बनवलेल्या फॉर्मचा रेकॉर्ड सोर्स (फॉर्म डेटा कुठून घेतो ते सांगणारी प्रॉपर्टी) म्हणजे नुसते टेबलाचे नाव. उघडल्यावर पहिला ग्राहक दिसतो, खाली ‘५०,००० पैकी १’. त्या पहिल्या ग्राहकाशी कोणालाच देणेघेणे नसते. माणूस कोणाला तरी शोधायला आलेला असतो. म्हणून क्रम उलटा करा.

१. फॉर्म डिझाइन व्ह्यूमध्ये उघडा. प्रॉपर्टी शीटच्या डेटा टॅबवर रेकॉर्ड सोर्समध्ये टेबलाच्या नावाऐवजी लिहा: ‘सिलेक्ट ग्राहकक्रमांक, नाव, आडनाव, फोन फ्रॉम ग्राहक व्हेअर फॉल्स’. फॉर्मवर दिसणारी फील्डच घ्या. तारा टाकून सगळी फील्ड घेऊ नका, विशेषतः लाँग टेक्स्ट आणि अटॅचमेंट असलेल्या टेबलात.

२. शोधण्यासाठीचा टेक्स्टबॉक्स आणि बटण फॉर्म हेडरमध्ये ठेवा. टेक्स्टबॉक्स कोणत्याही फील्डला बांधलेला नको. हेडरचा आग्रह उगाच नाही. फॉर्ममध्ये एकही रेकॉर्ड नसेल आणि नवे रेकॉर्ड भरण्याची परवानगी बंद असेल, तर डिटेल भाग कोरा पांढरा दिसतो. शोधाचा डबा तिथे असला तर तोही गायब होतो.

३. बटणाच्या क्लिक इव्हेंटमध्ये अट जुळवून नवा रेकॉर्ड सोर्स द्या, उदाहरणार्थ आडनाव टाइप केलेल्या अक्षरांनी सुरू होणारे ग्राहक. टाइप केलेल्या मजकुरात एकेरी अवतरणचिन्ह आले तर ते दुप्पट करून घ्या, नाहीतर क्वेरी तिथेच तुटते.

४. रेकॉर्ड सोर्स बदलला की फॉर्म आपोआप नव्याने भरतो. त्याच्या खालच्या ओळीत सवयीने ‘रीक्वेरी’ लिहिले तर तोच डेटा दुसऱ्यांदा येतो. ही ओळ इतक्या ठिकाणी दिसते की आपल्या कोडमध्ये ती शोधूनच काढावी.

५. दोनपेक्षा कमी अक्षरांवर शोध करू देऊ नका, आणि क्वेरीत ‘टॉप १००’ घाला. टॉप वापरताना ‘ऑर्डर बाय’मध्ये शेवटी प्रायमरी कीही जोडा, नाहीतर शंभरावे आडनाव पुढच्या चाळीस जणांचेही असेल, तर ॲक्सेस ते चाळीसही आणते.

यादीतल्या ओळीवर डबल क्लिक करून तपशिलाचा फॉर्म उघडायचा असेल, तर ‘डूकमांड.ओपनफॉर्म’च्या चौथ्या जागी, म्हणजे व्हेअर कंडिशनमध्ये, ग्राहकक्रमांकाची अट द्या. ती अट डेटा आणण्याआधी लागू होते. आधी फॉर्म पूर्ण उघडून मग ‘फाइंडफर्स्ट’ने त्या ग्राहकापर्यंत जाणे म्हणजे अख्खा संच मागवून त्यातला एक ठेवून घेणे. ज्या फॉर्मचे काम फक्त नवी नोंद भरणे आहे, त्याची ‘डेटा एंट्री’ प्रॉपर्टी ‘येस’ करा. जुने रेकॉर्ड येणारच नाहीत.

सबफॉर्म आणि टॅब

सबफॉर्म, म्हणजे फॉर्मच्या आत बसवलेले फॉर्म, मुख्य फॉर्मच्या आधी उघडतात, हे नवख्यांना माहीत नसते. पाच टॅबवर पाच सबफॉर्म असले, तर वापरकर्ता पहिल्याच टॅबवर काम करून निघून गेला तरी पाचही टेबलांच्या फेऱ्या झालेल्या असतात. आणि पुढचा ग्राहक उघडला की पुन्हा पाच.

पहिल्या टॅबवरचा सबफॉर्म तसाच ठेवा. उरलेल्यांचा ‘सोर्स ऑब्जेक्ट’ डिझाइनमध्ये रिकामा करा. टॅब कंट्रोलच्या ‘चेंज’ इव्हेंटमध्ये टॅबची व्हॅल्यू तपासा (पहिले पान शून्य, दुसरे एक) आणि त्या पानावरचा सोर्स ऑब्जेक्ट रिकामा असेल तरच त्यात फॉर्मचे नाव भरा. मग ‘लिंक मास्टर फील्ड्स’ आणि ‘लिंक चाइल्ड फील्ड्स’ तपासून घ्या. सारख्या नावांची फील्ड दिसली तर ॲक्सेस ती जागा स्वतःच्या अंदाजाने भरते, आणि अंदाज चुकला तर सबफॉर्म कोरा दिसतो. म्हणून दोन्ही प्रॉपर्टी कोडमधूनच द्या.

चाइल्ड फील्डवर इंडेक्स नसेल तर प्रत्येक ग्राहकासाठी बिलांचे टेबल वरपासून खालपर्यंत चाळले जाते. नवीन ग्राहकावर गेल्यागेल्या फॉर्म क्षणभर थिजतो, ते बहुधा यामुळेच.

कॉम्बोबॉक्स

बारीकसारीक, न बदलणाऱ्या याद्या, म्हणजे मोजण्याची एकके, विभाग, बिलाचे प्रकार, सुरुवातीला एकदाच फ्रंटएंडमधल्या स्थानिक टेबलात उतरवून घ्या आणि कॉम्बो तिकडे वळवा. दहा-वीस ओळींसाठी दर फॉर्मला सर्व्हरकडे जायचे कारण नाही.

हजारो ओळींच्या कॉम्बोचा ‘रो सोर्स’ मात्र रिकामा ठेवा. कॉम्बोच्या ‘चेंज’ इव्हेंटमध्ये ‘टेक्स्ट’ प्रॉपर्टी वाचा (‘व्हॅल्यू’ नको, ती टायपिंग चालू असताना जुनीच असते) आणि तीन अक्षरे झाली की त्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळींचा रो सोर्स द्या. आधीची तीन अक्षरे तीच असतील तर पुन्हा देऊ नका.

याचा एक तोटा कंटिन्युअस फॉर्ममध्ये, म्हणजे एकाखाली एक अनेक रेकॉर्ड दाखवणाऱ्या फॉर्ममध्ये, दिसतो. सगळ्या ओळींचा कॉम्बो एकच असतो. एका ओळीत यादी आवळली, की बाकीच्या ओळींतली नावे कोरी होतात, कारण त्यांचे क्रमांक आता यादीत नसतात. डेटा गेलेला नसतो, फक्त दिसत नाही. फॉर्मच्या क्वेरीतच नावाचे टेबल लेफ्ट जॉइनने जोडा, ते नाव दाखवणारा लॉक केलेला टेक्स्टबॉक्स कॉम्बोच्या अक्षरांच्या भागावर बरोबर बसवा आणि त्यावर फोकस आला की तो कॉम्बोकडे पाठवा.

न मागता येणारा डेटा

फॉर्मच्या तळाशी एकूण रक्कम दाखवणारे ‘सम’ असेल, तर बेरजेसाठी संचातला प्रत्येक रेकॉर्ड यावाच लागतो. शेवटच्या रेकॉर्डवर उडी मारली तरी तेच. कंटिन्युअस फॉर्ममध्ये ‘डीलुकअप’ (टेबलातून एक किंमत शोधून आणणारे फंक्शन) बसवले, तर पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक ओळीसाठी वेगळी क्वेरी जाते. तीस ओळी, तीस क्वेरी, आणि खाली सरकले की पुन्हा. त्याऐवजी रेकॉर्ड सोर्समध्ये जॉइन करा. फिल्टर, क्रम आणि रेकॉर्ड सोर्स एकामागून एक बदलले तर प्रत्येक बदलाला डेटा पुन्हा येतो. तिन्ही एकाच एसक्यूएल वाक्यात बसवा. चित्रे टेबलात कोंबू नका. फाइलचा पत्ता साठवा. पॉपअपमध्ये एखादी नोंद दुरुस्त केल्यावर मुख्य फॉर्मला ‘रिफ्रेश’ पुरते. ‘रीक्वेरी’ सगळा संच नव्याने आणते आणि वापरकर्त्याला पहिल्या ओळीवर नेऊन सोडते, ते वेगळेच.

मोजताना

‘माझ्याकडे तर पटकन उघडते’ हे वाक्य एकट्याने चाचणी घेणाऱ्याचे असते. बॅकएंड एकाच माणसाने उघडली असेल, तर विंडोज त्या फाइलचे तुकडे स्थानिक संगणकावर साठवून ठेवते. दुसरा माणूस आत आला की ही सवलत काढून घेतली जाते, कारण जुनी प्रत वाचली जाण्याचा धोका असतो. म्हणून चाचणीच्या वेळी दुसऱ्या संगणकावरून तीच बॅकएंड उघडी ठेवा, आणि दर चाचणीआधी ॲक्सेस बंद करून पुन्हा सुरू करा.

किती डेटा आला हे रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्क टॅबवर दिसते. तिथे ॲक्सेसच्या नावासमोर पाहू नका; शेअर केलेल्या फोल्डरची वाहतूक ‘सिस्टिम’ या प्रोसेसच्या नावावर नोंदली जाते. एक ग्राहक उघडल्यावर आकडा केबीमध्ये हलला तर ठीक, एमबीमध्ये हलला तर इंडेक्स किंवा अट तपासा.

बॅकएंड एसक्यूएल सर्व्हर असेल तर

इथे शोधण्याचे काम सर्व्हर करतो, त्यामुळे अट त्याच्यापर्यंत पोचली की काम झाले. ती पोचू न देणाऱ्या गोष्टी ओळखा: अटीत स्वतः व्हीबीएमध्ये (ॲक्सेसच्या कोडच्या भाषेत) लिहिलेले फंक्शन, ‘एनझेड’सारखे फक्त ॲक्सेसला कळणारे फंक्शन, आणि सर्व्हरवरच्या मोठ्या टेबलाचा फ्रंटएंडमधल्या स्थानिक टेबलाशी जॉइन. यांचा हिशेब सर्व्हरला करता येत नाही, म्हणून रेकॉर्ड इकडे आणून ॲक्सेसच तो करते.

लिंक टेबलावरचा डायनासेट (बदल करता येणाऱ्या रेकॉर्डांचा संच) प्रकारचा फॉर्म आधी अटीत बसणाऱ्या रेकॉर्डांच्या फक्त प्रायमरी की मागवतो आणि मग पडद्यावर लागतील तसे दहा-दहा रेकॉर्ड त्या कीवरून आणतो. अट नसली तर पन्नास हजार की. अट असली तर तुमच्या एका ग्राहकाची एक. रिकाम्या फॉर्मची वरची युक्ती म्हणून इथेही तशीच लागू पडते. बदल न करता फक्त वाचायच्या याद्या आणि रिपोर्ट यांसाठी पास-थ्रू क्वेरी (ॲक्सेस जशीच्या तशी सर्व्हरकडे पाठवते ती) घ्या. ती सर्व्हरच्या भाषेत लिहायची असते, त्यामुळे ‘लाइक’मध्ये ताऱ्याऐवजी टक्क्याची खूण. व्ह्यू लिंक करताना ॲक्सेस एकमेव ओळख देणारे फील्ड विचारते. ती खिडकी तशीच पुढे ढकलली तर त्या व्ह्यूवरचा फॉर्म फक्त वाचता येतो.

प्रत्येक टेबलात ‘रोव्हर्जन’ प्रकारचा (रेकॉर्ड बदलला की आपोआप बदलणारा) एक कॉलम घाला. तो नसेल तर साठवताना ॲक्सेस सगळ्या फील्डांच्या जुन्या किमती सर्व्हरकडच्या किमतींशी जुळवून पाहते; दशांश चिन्हाच्या पुढचे सूक्ष्म फरक असलेले फ्लोट फील्ड तिथे जुळत नाही आणि दुसरे कोणी हात लावलेला नसताना ‘राइट कॉन्फ्लिक्ट’चा संदेश येतो. ‘बिट’ (हो-नाही) फील्डमध्ये नल, म्हणजे काहीच न भरलेली किंमत, राहिले तरी तोच संदेश. त्याची डीफॉल्ट किंमत शून्य ठेवा आणि जुन्या नल नोंदी शून्य करून घ्या. नव्या रेकॉर्डचा क्रमांकही इथे टाइप करायला लागताच मिळत नाही, साठवल्यावर मिळतो. जुन्या कोडमध्ये तो आधीच वाचला असेल तर साठवण्याची ओळ त्याच्या वर आणा. आयडेंटिटी कॉलम (सर्व्हर आपोआप क्रमांक देतो तो) असलेल्या टेबलावर कोडमधून डायनासेट रेकॉर्डसेट उघडताना ‘डीबीसीचेंजेस’ हा पर्यायही द्यावा लागतो, नाहीतर एरर ३६२२ येते.